आभाळरावांचा पाऊस

मिठागरावर पोट असलेल्या माणसाला पाऊस आवडतो असं कुणी म्हणत असेल, तर त्याने तिथे एक हंगामही काढलेला नाही. सगळं जग आभाळाकडे पाहून पावसाला ये म्हणतं, मिठागरवाला तेवढा नको म्हणतो. महिनोन्‌महिने उन्हात पाणी आटवायचं, तुडवून तुडवून वाफ्याचा तळ पाटासारखा करायचा, आणि एक सर आली की पिकलेलं मीठ पुन्हा पाणी. म्हणूनच खाडीकाठच्या त्या वस्तीत आभाळरावांचा शब्द खाली पडत नसे.

आभाळराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांनाही आठवून सांगावं लागलं असतं. तरुणपणी त्यांनीही वाफे तुडवले. गुडघे गेले तसे ते वाफ्यातून उठले आणि ग्रहांत जाऊन बसले. दाराआडच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने बारा घरांची चौकट काढली होती. खाडीचं पाणी आत घ्यायच्या आधी ते चष्मा पुसून त्या चौकटीसमोर बसत आणि सगळ्या हंगामाचं आभाळ एका बैठकीत सांगून टाकत. चंद्र पाण्याच्या राशीत कधी येतो, शनी कुठे रेंगाळतो, बुध आणि शुक्र एका घरात आले तर ढग कुठल्या बाजूने चढतील. वस्ती अंगणात बसून ऐके आणि त्याप्रमाणे कामाला लागे.

न ऐकणारं एकच माणूस होतं आणि ते त्यांच्याच घरात स्वयंपाक करत होतं. त्यांची सून. तिला सगळे वकीलीण म्हणत. नणंदेने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ते नाव ठेवलं होतं, कारण उजाडलं म्हटलं तरी ही साक्षीदार मागते. वकिलिणीने सासऱ्यांचं आभाळ पुरतं जोखलं होतं. भाकीत खरं ठरलं की लोक ते वर्षभर चघळत. खोटं ठरलं की आभाळराव शांतपणे म्हणत, शनीने वाट बदलली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ, यापलीकडे तिला त्यात काही दिसत नव्हतं. पण सासरे होते. पहिला चहा ती त्यांनाच देई आणि जिभेवर आलेलं चहाबरोबर गिळून टाकी.

यंदा त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की हंगाम संपेपर्यंत थेंब पडणार नाही, वाफे निवांत पिकवा. वस्तीने तसंच केलं. वकिलिणीच्या घरचा खालचा वाफा, खाडीच्या अगदी बांधालगतचा, सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत उशिरा पिकणारा. त्याचा तळ आभाळरावांनी स्वतःच्या तरुण पायांनी बसवला होता. त्यात मक्याच्या दाण्याएवढा खडा धरायचा आणि चिखलाचा कणही वर यायचा नाही. तो नीट निघाला तर घराला वर्षभर मान वर करून चालता येई.

अशात तिच्या नवऱ्याच्या टाचेला मिठाची कड लागली. मिठागरात पाय कापणं म्हणजे स्वयंपाकघरात बोट भाजणं, त्याचं कुणी काय घेऊन बसत नाही. त्याने चिंधी बांधली आणि पुन्हा वाफ्यात उतरला. बरेच दिवस झाले तरी चिंधी काही सुटेना, तेव्हा आभाळराव हट्टाला पेटले आणि त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. दोघे परत आले ते वस्तीचं मीठ उचलणाऱ्या शेठच्या ट्रकमधून. नवऱ्याने अंगणातच जाहीर केलं की मलम दिलंय, किरकोळ आहे.

"बघू," ती म्हणाली.

"बघायचंय काय त्यात? दुखत नाही मला. दुखत नाही म्हणजे बरं आहे."

त्याने पाय पोटाशी ओढून घेतला. आभाळराव आत निघून गेले. जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूल पेटवत होती तेव्हा म्हातारा भिंतीपुढे उभा असलेला तिने पाहिला. त्यांनी अंगठा जिभेवर ओला केला, एका घरातला शनी पुसला आणि शेजारच्या घरात नवा काढला. मग टेकत टेकत अंगणात गेले आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारली. सूर्य कासराभर वर यायच्या आत वस्तीभर झालं होतं: शनी उलटा फिरलाय, मोठा पाऊस येतोय, आठवड्याच्या आत. असेल तेवढं मीठ ओढून घ्या आणि वाफे सोडून द्या.

वकीलीण फुंकणी हातात धरून तशीच बसून राहिली. इतकी वर्षं हे ग्रह पाहतायत, एकदा काढलेला ग्रह त्यांनी कधी पुसला नव्हता. आणि पुसला कधी, तर शेठच्या ट्रकमधून उतरल्यावर दुसऱ्या सकाळी. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला भिंतीवरची चौकट लागत नाही.

मग सुरू झाली ती नुसती धावपळ. अर्धंकच्चं मीठ ओढणं हे पिकलेलं ओढण्यापेक्षा दुप्पट जड. मिठाची साय नुकती धरलेली असते, ओढायची फळी जरा खोल गेली की तळ खरवडतो आणि मिठाबरोबर काळा चिखल वर येतो. बायका कंबरेत वाकून फळ्या ओढत होत्या, पाठीवर घाम वाळून पांढरा पडत होता. वकिलिणीचे तळवे फुटले होते. फळीचा दांडा धरला की प्रत्येक भेगेत आग होई, आणि जखमेवर मीठ चोळणं म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यातही आभाळरावांचं एक वेगळंच चाललेलं. ते उन्हात बांधावर बसून राहिले आणि मुलाला खाली उतरू देईनात. तुझ्या राशीला पाण्याचा योग वाईट आहे म्हणाले, तू वर राहून रास रच. नवरा एकदा हसला, दोनदा हसला, तिसऱ्यांदा त्याने वाफ्यात उडी मारली. म्हातारा उभा राहिला आणि असा थरथरला, की तो पोरगा आपला आपण वर आला. बायको खाली चिखलात आणि नवरा वर रास रचतोय, हे शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. वकिलिणीने तेही गिळलं.

संध्याकाळी शेठचा ट्रक आला. शेठ उतरला, राखी पडलेल्या राशींकडे पाहून त्याने नाक मुरडलं, भाव पाडून मागितला आणि सगळं उचललं. पाऊस येणार म्हटल्यावर कोण घासाघीस करणार? निघताना त्याने खिशातून एक कागदी पुडी काढली आणि आभाळरावांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ती सदऱ्यात सारली. वकीलीण पाण्याची कळशी घेऊन दोन हातांवर उभी होती. तिला वाटलं, आता विचारायला काही उरलंच नाही.

खालच्या वाफ्याची पाळी आली तेव्हा ती बांधावर आडवी उभी राहिली. हा वाफा निघणार नाही म्हणाली. याचा खडा अजून धरायचाय. पाऊस आला तर माझ्या डोक्यावर.

नवऱ्याने हात झटकले, तिच्या तोंडी कोण लागणार? पण आभाळराव काठी टेकत जवळ आले. ते रागावतील म्हणून ती वाट पाहत होती. ते रागावले नाहीत.

"सूनबाई, एवढं ऐक. हा पण काढून टाक. वाटल्यास सोडून दे खाडीत, पण वाफा रिकामा कर."

"का, बाबा?"

"पाऊस आहे."

"पाऊस असला तर तोच रिकामा करील की. तुम्ही का घाई करताय?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. मग त्यांनी मान खाली घातली आणि आले तसे परत गेले. ज्याने आयुष्यभर हा वाफा लेकरासारखा जपला तो माणूस तो मोडायला सांगतोय, आणि तेही इतकं काकुळतीला येऊन. तिच्या संशयाला याहून कुठला पुरावा हवा होता? शेठला चांगल्या मिठाचा एकही वाफा वस्तीत उरायला नको असणार, असा निकाल तिने मनातल्या मनात लावून टाकला.

आठवडा झाला. आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. वारा कोरडा, ऊन कडक, मिठाला याहून चांगले दिवस मागून मिळाले नसते. सगळ्यांचे वाफे खरवडलेले, चिखलाचे, नव्याने तळ बसवल्याशिवाय कामाचे नाहीत. खाडीलगतचा खालचा वाफा तेवढा दिवसेंदिवस पांढरा होत चाललेला. तो बघून आधी तिचा ऊर भरून आला आणि मग हळूहळू तिला भीती वाटू लागली. नळावर ती गेली की बोलणं थांबायचं.

"वकीलीणबाई, छत्री नाही आणली?" एकीने विचारलं.

काकूंनी मात्र हसून विचारलं नाही. त्या घागर लावता लावता म्हणाल्या, की आभाळरावांनी अख्ख्या वस्तीचं मीठ काढायला लावलं, मग नेमका त्यांच्याच घरचा वाफा कसा राहिला? ग्रहांना पण घरचं आणि दारचं कळतं म्हणायचं.

आपण ज्या नजरेने सासऱ्यांकडे पाहतोय त्याच नजरेने वस्ती आपल्याकडे पाहतेय, हे वकिलिणीच्या आत्ता ध्यानात आलं. घागर अर्धीच भरून ती निघाली, घरी ठेवली आणि थेट शेठच्या वजनकाट्यावर गेली.

काट्यामागच्या शेडमध्ये राखी मिठाचे ढीग पडले होते, कडेने चिखलाचं पाणी सुटलेलं. शेठ खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. तिने उभ्या उभ्याच विचारलं, माझ्या सासऱ्यांना काय दिलंत म्हणून त्यांनी पाऊस पाडला?

शेठ आधी चिडला, मग केविलवाणा हसला.

"बाई, हे मीठ गुरं पण चाटणार नाहीत. पाऊस येतोय म्हटल्यावर वाटलं, दुसरीकडचं सगळं वाहून जाईल, भाव चढेल. म्हणून दिसेल ते उचललं. तुमच्या म्हाताऱ्याने मलाच बुडवलं आणि तुम्ही मलाच विचारताय?"

"आणि ती पुडी?"

"दवाखान्यातली. पट्ट्या आणि मलम, दर खेपेला आणायला सांगितलंय त्यांनी." शेठने पाय खाली घेतले. "तुमच्या मालकांच्या पायाची. तुम्हाला माहीत नाही?"

परतताना तिला वाट दिसत होती एवढंच. घरात आभाळराव एकटेच होते, खाटेवर भिंतीकडे तोंड करून. ती उशाखालून डोकावणारी पुडी काढते, ती उघडते, हे त्यांनी वळून पाहिलं आणि अडवलं नाही. आत पांढऱ्या पट्ट्यांची गुंडाळी, मलमाची नळी.

"पायाला किती आहे, बाबा?"

म्हाताऱ्याने काठी घट्ट धरली.

"रक्तात साखर निघाली. पाय मेलाय टाचेपाशी, म्हणून दुखत नाही त्याला. डॉक्टर म्हणाला, महिनाभर खारं पाणी लागता कामा नये. लागलं तर घोट्यापासून काढावा लागेल. हा बाहेर येऊन हसायला लागला. म्हणाला, मिठात जन्म गेला आणि साखर झाली म्हणतो, डॉक्टर येडा आहे. हंगाम संपल्यावर बघू. मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही. तू वाफ्यात उतरू देणार नाहीस म्हणून."

"मग सांगायचं नाही होय? शपथ मोठी का पाय मोठा?"

"सांगितलं असतं तर तो तुझं ऐकणार होता? डॉक्टरचं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही. पावसाला तेवढा भितो तो. लहानपणापासून." त्यांनी पुडी तिच्या हातातून घेऊन पुन्हा बांधली. "एकट्याचा वाफा थांबवला असता तर तो दुसऱ्याच्या वाफ्यावर कामाला गेला असता, सूनबाई. म्हणून सगळ्यांवर पाडला."

ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली. इतके दिवस तिने या माणसाला शेठच्या खिशात बसवलं होतं. आणि इतके दिवस हट्टाने तिने कोणता वाफा पिकवला होता? नवऱ्याला पुन्हा खाऱ्या पाण्यात बोलावणारा तेवढा एकच. तिला स्वतःची लाज वाटली, म्हाताऱ्याचा संताप आला आणि रडूही आलं. यातलं आधी काय करावं हे तिला कळेना.

"वस्तीचं नुकसान केलंत, बाबा."

"केलं. जाऊन सांगतो सगळ्यांना."

तेवढ्यात बाहेर आवाज चढले. खालच्या वाफ्याच्या बांधावर तिचा नवरा फळीची कड तासत बसला होता. उद्या ओढायचा वाफा, असं तो सकाळपासून म्हणत होता. आता त्याच्याभोवती वस्तीचे पाचसहा लोक जमले होते आणि त्यांच्यामागे काकू. बोलणं तिला दारातूनही ऐकू येत होतं. तुझ्या बापाने आम्हाला चिखल खायला लावला आणि स्वतःचा पांढरा ठेवला. असा कसा पाऊस, की तुमचा वाफा सोडून पडणार होता? बापलेकांनी मिळून केलेलं दिसतंय.

नवऱ्याला पावसामागचं काहीच ठाऊक नव्हतं. तो बिचारा बापाच्या आभाळावर जिवापाड विश्वास ठेवणारा. त्याचं तोंड तांबडंलाल झालं. तो उठला.

"आमच्यावर आळ नको," तो म्हणाला. "आत्ता ओढतो हा वाफा. ज्याला पाहिजे त्याने टोपलं आणा आणि घेऊन जा."

फळी खांद्यावर टाकून तो बांधावरून उतरायला लागला. जखम वाहून चिंधी घोट्यापर्यंत ओली झाली होती आणि त्याचं त्याला भानही नव्हतं.

वकिलिणीने दाराजवळचं फावडं उचललं. भरतीची वेळ होती, खाडी बांधाच्या काठोकाठ आली होती. नवऱ्याला हाक मारायची नाही, हे तिने ठरवलं नव्हतं, पण मारली नाही. हाक मारून थांबणारा माणूस तो नव्हेच. ती लोकांच्या मधून वाट काढत सरळ खाडीकडच्या बांधावर चढली, जिथे माती पातळ होती तिथे उभी राहिली आणि फावडं घातलं. तिसऱ्या घावाला माती सुटली. आधी हातभर पाणी आत आलं, मग बांधाची कडच ढासळली आणि खाडी वाफ्यात शिरली. गढूळ, फेसाळ पाणी त्या पांढऱ्या थरावर पसरत गेलं. मक्याएवढे खडे क्षणभर पाण्याखाली चमकले, मग दिसेनासे झाले.

नवरा अलीकडच्या बांधावर एक पाय खाली सोडून तसाच थांबला होता.

"अगं, हे काय केलंस?" तो म्हणाला. "मीठ गेलं आपलं."

"गेलं," ती म्हणाली. मग वस्तीकडे वळली. फुटलेल्या तळव्यांनी फावडं धरून ती उभी होती. "बाबांनी सांगितलं होतं ना, पाणी येणार? आलं. आता आमचा वाफा तुमच्या वाफ्यासारखा. आता कुणी हिशेब मागू नका. आणि राहिलेलं काय ते बाबा स्वतः येऊन सांगतील. आज नाही. ह्यांचा पाय बरा झाल्यावर."

पाय म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. काकू सगळ्यांत जवळ होत्या. त्यांनी चिंधीकडे पाहिलं, तिच्याखालून डोकावणाऱ्या काळ्या पडलेल्या टाचेकडे पाहिलं, आणि तोंडाला लावलेला पदर हळूच खाली घेतला. एकेक करून माणसं पांगली. फळी नवऱ्याच्या खांद्यावरून काकूंनीच काढून घेतली आणि बांधाला टेकवून ठेवली.

आभाळराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. पुढे यायची त्यांची हिंमत होत नव्हती.

वकिलिणीने नवऱ्याला घराच्या पायरीवर बसवलं. चिंधी सोडली. इतके दिवस न पाहिलेलं तिने पाहिलं. घरात जाऊन तिने सकाळी आणलेली अर्धी घागर उचलून आणली. प्यायला घरात तेवढंच पाणी होतं. नवरा अजून त्या बुडालेल्या वाफ्याकडेच पाहत होता.

"तुझा तर बाबांच्या आभाळावर विश्वास नव्हता," तो म्हणाला.

"अजूनही नाही," ती म्हणाली. "पाय इकडे करा."

त्याने पाय पुढे केला. तिने तो मांडीवर घेतला आणि ते गोडं पाणी थोडं थोडं करून त्यावर सोडायला सुरुवात केली. मागून काठीचा आवाज आला. आभाळराव पट्ट्यांची पुडी हातात घेऊन शेजारी येऊन उभे राहिले, आणि तिने मागायच्या आधीच त्यांनी ती उघडून पुढे धरली.